२डी एनएमआरमध्ये फोल्ड झालेले पीक: सोलापूरच्या पोरांकडून सारखे येणारे प्रश्न

सोलापुरात एमएस्सी प्रोजेक्ट, पीएचडी करणारे आणि चिंचोळी एमआयडीसीत क्यूसी, आर अँड डी मध्ये असणारे, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. सॅम्पल एनएमआरला (अणूंचे रेडिओ सिग्नल टिपून रेणूची रचना सांगणारी तपासणी) बाहेर पाठवायचं, आठ-पंधरा दिवसांनी पीडीएफ येते, त्यात नको तिथं एक पीक (peak, म्हणजे सिग्नलचा उंचवटा किंवा ठिपका) बसलेलं असतं आणि मग गाईड म्हणतात इम्प्युरिटी आहे, पोरगं म्हणतं मशीन खराब आहे. बऱ्याचदा दोघंही चूक असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

फोल्ड होणं म्हणजे नेमकं काय होतं?

मशीन सिग्नल सलग बघत नाही, ठराविक अंतरानं एकेक पॉइंट टिपत जातं. दोन पॉइंटमधल्या वेळेला ड्वेल टाइम म्हणतात आणि १ भागिले ड्वेल टाइम केलं की जी फ्रिक्वेन्सी येते तेवढीच तुमची विंडो, म्हणजे स्पेक्ट्रल विड्थ, पॅरामीटरच्या भाषेत एसडब्ल्यू. त्या विंडोच्या बाहेरचा सिग्नल असला तरी तो पुसला जात नाही, त्याला आतली कुठलीतरी फ्रिक्वेन्सी समजून प्लॉटवर बसवलं जातं. घड्याळात दुपारचे १४ वाजले तरी काटा २ वरच असतो ना, तसंच. किती फेऱ्या झाल्या हे काटा सांगत नाही.

म्हणून हिशोब सोपा आहे. खरी जागा बरोबर दिसणारी जागा अधिक किंवा उणे एसडब्ल्यू, आणि एकापेक्षा जास्त फेऱ्या असतील तर त्याच्या दुप्पट, तिप्पट. हा हिशोब बहुतेक आजच्या एक्सपेरिमेंटला चालतो, एक अपवाद आहे तो पुढे सांगतो.

सर, १डी प्रोटॉनमध्ये कधी असं दिसलं नाही, २डी मध्येच का?

कारण १डी मध्ये (एकच अक्ष) आणि २डी च्या (दोन अक्ष) एफ२ मध्ये म्हणजे आडव्या, डायरेक्ट डायमेन्शनमध्ये मशीन गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेगानं पॉइंट टिपतं आणि मग डिजिटल फिल्टर लावून विंडोबाहेरचं कापून टाकतं. तिथं बाहेरचं पीक फोल्ड होत नाही, सरळ गायब होतं. जुन्या मशीनवर नुसता ॲनालॉग फिल्टर असायचा, त्याची धार बोथट, म्हणून तिथं १डी मध्येसुद्धा फोल्ड झालेलं पीक यायचं. डिजिटल फिल्टरमध्येही अगदी कडेचं पीक थोडं खाल्लं जातं, म्हणून एफ२ मध्ये दोन्ही बाजूंना जागा सोडायची.

एफ१ ची, म्हणजे २डी च्या उभ्या, इनडायरेक्ट अक्षाची गोष्ट वेगळी. एफ१ मध्ये मशीन काही "ऐकत" नसतंच. आपण टी१ नावाचा एक वेळ थोडा थोडा वाढवत नेतो, प्रत्येक वेळी एक नवीन एफआयडी (विरत जाणारा कच्चा सिग्नल) घेतो, आणि असे १२८, २५६ एफआयडी एकाखाली एक रचून उभ्या दिशेनं फुरिये ट्रान्सफॉर्म (वेळेचा सिग्नल फ्रिक्वेन्सीत बदलणारं गणित) करतो. दोन एफआयडीच्या मध्ये काय चाललं होतं याची कुठंच नोंद नाही, मग फिल्टर लावणार कशाला? जास्त वेगानं टिपायचं म्हटलं तर टी१ ची पायरी लहान करायची, म्हणजे तेवढ्याच रेझोल्यूशनला एफआयडी जास्त, म्हणजे मशीनचे तास जास्त. जीन जीनर यांनी १९७१ मध्ये २डी ची कल्पना मांडली तेव्हापासून एफ१ चं हे असंच आहे, पुढं मशीन कितीही भारी आले तरी यातून सुटका नाही.

थोडक्यात, एफ१ ची विंडो मशीन ठरवत नाही, ती माणूस ठरवतो. आणि तुम्ही काही सांगितलं नाही तर ऑपरेटर डिफॉल्ट ठेवतो, त्यात त्याचीही चूक नाही, त्याच्यासमोर सॅम्पलची रांग असते.

बाहेरचं पीक कुठल्या बाजूनं आत येतं? वरून की खालून?

हा प्रश्न कोणी विचारला की मला बरं वाटतं, कारण इथंच खरी गफलत होते. एफ१ मध्ये डेटा कुठल्या पद्धतीनं घेतलाय त्यावर ते ठरतं.

स्टेट्स, स्टेट्स-टीपीपीआय आणि इको-अँटीइको या पद्धतींमध्ये पीक एका बाजूनं बाहेर गेलं की समोरच्या बाजूनं आत येतं. नुसत्या टीपीपीआय मध्ये मात्र ते ज्या कडेनं बाहेर गेलं त्याच कडेवर आरशासारखं उलटून आत पडतं. वर म्हटलेला अपवाद हाच.

उदाहरण घेऊ. समजा एचएसक्यूसी आहे (कार्बन आणि त्याला थेट जोडलेला प्रोटॉन यांची जोडी दाखवणारं २डी, एफ१ वर कार्बन), कार्बनचं केंद्र ७५ पीपीएम (पीकची जागा मोजायचं एकक), एसडब्ल्यू १६५, म्हणजे विंडो -७.५ ते १५७.५. आपल्याकडं पोरं सॅलिसिलाल्डिहाइडपासून शिफ बेस लई बनवतात, त्यातला इमाइनचा सीएच कार्बनमध्ये १६२-१६३ च्या आसपास येतो आणि त्याचा प्रोटॉन ८.६ ला. १६२.७ धरा. इको-अँटीइकोमध्ये हे पीक १६२.७ वजा १६५, म्हणजे -२.३ ला, पार दुसऱ्या टोकाला टीएमएसच्याही (शून्य पीपीएमची खूण) पलीकडं दिसणार. टीपीपीआय मध्ये तेच पीक १५२.३ ला दिसणार. पहिलं बघून कोणीही म्हणेल हे शक्य नाही. दुसरं बघून लोक आरामात असाइन करून मोकळे होतात, कारण १५२ ला सीएच असायला काय हरकत आहे! म्हणून टीपीपीआय चा फोल्ड जास्त धोकादायक, तो सभ्य कपडे घालून येतो.

व्हॅनिलिनचंही तसंच. त्याचा अल्डिहाइड कार्बन १९१, प्रोटॉन ९.८. वरच्याच विंडोत इको-अँटीइकोनं तो २६ ला दिसेल, टीपीपीआय नं १२४ ला.

ग्रेडियंटवाले आजचे एचएसक्यूसी बहुतेक इको-अँटीइकोनं घेतात, त्यामुळं समोरच्या बाजूनं येणारं पीकच तुम्हाला जास्त भेटेल. तरी खात्री करून घ्या, शेवटच्या प्रश्नात कसं ते दिलंय.

फोल्ड झालंय हे ओळखायचं कसं?

आधी केमिस्ट्री बघा, पॅरामीटर नंतर. एचएसक्यूसीमध्ये प्रोटॉन ९.८ ला आणि त्याला जोडलेला कार्बन २६ ला, असा सीएच जगात कुठं असतो? नसतो. ८.६ चा प्रोटॉन आणि -२.३ चा कार्बन, नाही. प्रोटॉनची जागा फिल्टरमुळं खरी असते, म्हणून प्रोटॉनवर विश्वास ठेवून कार्बनवर संशय घ्यायचा.

मग १डी कार्बन किंवा डेप्ट (सीएच, सीएच२, सीएच३ वेगळे ओळखू देणारं १डी कार्बन) शेजारी ठेवा. एचएसक्यूसीत २६ ला पीक आणि १डी मध्ये २६ ला काहीच नाही पण १९१ ला आहे, विषय संपला. १डी कार्बन न घेता थेट २डी वर उडी मारणारे लोक असतात, वेळ वाचतो म्हणे, आणि मग आठवडाभर भूत शोधत बसतात.

अजून एक खूण आहे जी कोणी सांगत नाही. फोल्ड झालेलं पीक बऱ्याचदा कमजोर असतं आणि एफ२ दिशेनं फुटलेलं असतं. कारण असं की कार्बनचे पल्स आणि डिकपलिंग (कार्बनमुळं प्रोटॉनचं पीक फुटतं ते थांबवणं) केंद्राच्या दोन्ही बाजूंना ठराविक पट्ट्यातच नीट काम करतात. केंद्र ७५ ला आणि अल्डिहाइड १९१ ला, म्हणजे ११६ पीपीएम लांब, ४०० मेगाहर्ट्झच्या मशीनवर कार्बन १००.६ ला चालतो तर हे साडेअकरा किलोहर्ट्झच्या पुढं गेलं. तिथं डिकपलिंग पोचलं नाही तर सीएच कपलिंग तसंच राहतं, अल्डिहाइडला ते १७५ हर्ट्झच्या आसपास असतं, आणि एकाच्या जागी शेजारी शेजारी दोन ठिपके दिसतात. बाकी सगळे पीक एकेरी आणि हाच दुहेरी असला की समजायचं की हा पाहुणा लांबचा आहे.

एवढं करून पण शंका राहिली तर एसडब्ल्यू बदलून परत घ्या. छोटा रन पुरतो, भारी रेझोल्यूशन लागत नाही.

एसडब्ल्यू बदलायचं की नुसतं केंद्र सरकवलं तरी चालतं?

एसडब्ल्यू बदला. नुसतं केंद्र सरकवून बरेच जण फसतात. इको-अँटीइको किंवा स्टेट्समध्ये पीक दिसतं खरी जागा वजा एसडब्ल्यू इथं, त्यात केंद्राचा संबंधच नाही, त्यामुळं केंद्र ५ पीपीएम इकडं तिकडं केलं तरी फोल्ड झालेलं पीक त्याच आकड्यावर बसून राहतं आणि तुम्ही म्हणता बघा हललं नाही म्हणजे खरं आहे. केंद्र एवढं सरकवलं की ते पीकच विंडोत आलं किंवा दिसणारी जागा विंडोबाहेर गेली, तरच फरक दिसतो.

एसडब्ल्यू १६५ चं १७५ केलं की व्हॅनिलिनचं ते पीक २६ वरून १६ वर येणार, बरोबर १० नं. दोन फेऱ्या मारून आलेलं पीक २० नं हललं असतं. खरे पीक जागचे हलत नाहीत.

टीपीपीआय मध्ये उलट, तिथं केंद्र सरकवणं उपयोगी पडतं, कड ५ नं सरकली की आरशातलं पीक १० नं सरकतं.

मग सरळ मोठी विंडो ठेवायची की वो, कटकट नाही

ठेवा, पण किंमत माहीत असू द्या. २५६ एफआयडी घेतले तर त्यातून १२८ कॉम्प्लेक्स पॉइंट मिळतात. १६५ पीपीएम भागिले १२८, म्हणजे साधारण १.३ पीपीएमचं कच्चं रेझोल्यूशन. विंडो २३० केली की तेच १.८ होतं. लिनिअर प्रेडिक्शननं थोडं सुधारतं, झिरो फिलिंगनं नुसतं गुळगुळीत दिसतं, नवीन माहिती येत नाही. ऍरोमॅटिक भागात दोन कार्बन अर्ध्या पीपीएमवर असतील तर दोन्ही विंडोत ते चिकटलेलेच दिसणार.

माझं मत विचाराल तर साध्या सेंद्रिय रेणूला एचएसक्यूसी -५ ते १६५, अल्डिहाइड असेल तर -५ ते २०५, आणि एचएमबीसी (प्रोटॉनपासून दोन-तीन बंध लांबचे कार्बन दाखवणारं २डी) -५ ते २२५. कार्बनवर आयोडिन असलेलं काही असेल तर खालच्या बाजूला पण बघा, आयोडोमिथेनचा कार्बन तर -२० च्या आसपास जातो.

मुद्दाम फोल्ड करतात असं ऐकलं, खरंय का?

खरंय, आणि हे चांगलं हत्यार आहे. प्रोटीनवाले रोज करतात. नायट्रोजन-१५ एचएसक्यूसीत मुख्य साखळीतले (बॅकबोन) अमाइड साधारण १०५ ते १३० मध्ये असतात, पण आर्जिनिनच्या साइड चेनमधला एप्सिलॉन नायट्रोजन ८५ च्या आसपास. त्या एकासाठी विंडो रुंद करायची कशाला? केंद्र ११८, एसडब्ल्यू ३५ ठेवतात आणि आर्जिनिनला १२० ला येऊ देतात, सगळ्यांना माहीत असतं तो कोण आहे ते.

लहान रेणूतही होतं. डाळिंबाच्या सालीचा अर्क काढणारे आपल्याकडं बरेच, तिथं शुगरचे कार्बन ६० ते ८० मध्ये दाटीवाटीनं बसतात. एसडब्ल्यू ४० केलं तर त्याच १२८ पॉइंटमध्ये ०.३१ पीपीएम रेझोल्यूशन मिळतं, म्हणजे चौपट बारीक, मशीनचा वेळ तेवढाच. बाकीचे सगळे पीक फोल्ड होऊन त्यात येतील, येऊ द्या. आधी एक साधा रुंद एचएसक्यूसी घेऊन ठेवायचा आणि दोन्ही शेजारी लावायचे, प्रोटॉनच्या जागेवरून कोण कुठून आलं ते जुळतं.

फक्त एसडब्ल्यू निवडताना १डी कार्बनची यादी घेऊन कागदावर आकडेमोड करा. ज्या दोन कार्बनमधला फरक बरोबर एसडब्ल्यू एवढा किंवा त्याच्या पटीत असेल ते एकमेकांवर बसणार. त्यांचे प्रोटॉन वेगळ्या जागी असतील तर काही बिघडत नाही, तेही जवळ असतील तर एसडब्ल्यू दोन-तीन पीपीएमनं बदला.

फोल्ड झालेलं पीक निगेटिव्ह का दिसतं? कधी दिसतं कधी नाही

टी१ ची सुरुवात कुठून केली त्यावर आहे. पहिला टी१ शून्य असेल तर फोल्ड झालेल्या पीकची फेज बाकीच्यांसारखीच. पण पहिला टी१ मुद्दाम अर्धी पायरी ठेवला तर प्रत्येक फेरीला चिन्ह उलटतं, एकदा फोल्ड झालेलं निगेटिव्ह, दोनदा झालेलं परत पॉझिटिव्ह. अशा डेटाला एफ१ मध्ये फेज झिरो ऑर्डर ९० आणि फर्स्ट ऑर्डर -१८० लागते. वरच्या आर्जिनिनला लोक असंच प्लॉटवर निगेटिव्ह पीकला दिलेल्या वेगळ्या रंगावरून ओळखतात.

पण एडिटेड एचएसक्यूसीत ही युक्ती वापरू नका. तिथं सीएच२ एका चिन्हाचे आणि सीएच, सीएच३ दुसऱ्या चिन्हाचे असतात, त्यात फोल्डनं उलटवलेलं सीएच आलं की ते सीएच२ वाटणार. काही लोकांना कोडी आवडतात, त्यांनी करावं.

एचएमबीसीत कीटोन सापडत नाही

चाल्कोनवाल्यांचा हा ठरलेला प्रश्न. २'-हायड्रॉक्सी चाल्कोनचा कार्बोनिल १९३-१९४ ला येतो. विंडो ० ते १८० असेल तर तो १४ च्या आसपास दिसेल, आणि मेथिल नसलेल्या रेणूत १४ ला लाँग रेंज पीक बघून लोक ग्रीस, सॉल्व्हंट, काय काय म्हणतात. एचएमबीसी बहुतेक ठिकाणी मॅग्निट्यूड मोडमध्ये (पॉझिटिव्ह-निगेटिव्ह न दाखवता) दाखवतात, मग चिन्हाची खूणही मिळत नाही. म्हणून इथं कंजूषपणा नको, विंडो पुरेशी रुंद ठेवा.

आणि एचएमबीसीत एका प्रोटॉनच्या दोन बाजूंना १२५ ते १६५ हर्ट्झच्या अंतराची जोडी दिसली तर तो फोल्ड नाही, ते वन-बाँड कपलिंग गळून आलेलं आहे.

कोझी, नोझीत पण होतं का? तिथं तर दोन्हीकडं प्रोटॉनच

होतं की. कोझी आणि नोझी म्हणजे प्रोटॉन-प्रोटॉनचे संबंध दाखवणारे २डी, कोझी बंधांमधून आणि नोझी जवळ असण्यावरून. हायड्रोजन बाँड झालेला ओएच १३ च्या आसपास असतो आणि विंडो ठेवलेली असते ० ते १०. एफ२ मध्ये फिल्टरनं त्याला कापलं पण एफ१ मध्ये तो १३.२ चा ३.२ होऊन येतो. मग नोझीत शेजारच्या ऍरोमॅटिक प्रोटॉनच्या रेषेत ३.२ ला एक क्रॉस पीक दिसतं आणि लोक मेथॉक्सी शोधायला लागतात. ओळखायची पद्धत सोपी, खरं क्रॉस पीक डायगोनलच्या दोन्ही बाजूंना जोडीनं असतं, याची जोडी नसते. आणि म्हणूनच सिमेट्रायझेशनचं बटन दाबू नका, ते जोडी नसलेलं पीक पुसून टाकतं आणि तुमच्या ओएचचा पुरावाच जातो. त्यापेक्षा १डी प्रोटॉन आधी १६ पर्यंत बघा आणि त्यावरून २डी ची विंडो ठरवा.

नायट्रोजन-१५ एचएमबीसी?

इथं सगळ्यात जास्त सांभाळा, रेंज फार मोठी आहे. द्रव अमोनियाच्या स्केलवर पिरिडिनचा नायट्रोजन ३१७ च्या आसपास. ० ते २०० विंडो ठेवली तर तो ११७ ला दिसेल, म्हणजे बरोबर अमाइडच्या जागी. नवीन रेणूला दोन वेगळ्या एसडब्ल्यूनं घेतल्याशिवाय नायट्रोजनचा आकडा लिहू नये असं माझं ठाम मत आहे.

एनयूएस वापरलं की फोल्डिंग जातं ना?

नाही. एनयूएस (नॉन-युनिफॉर्म सॅम्पलिंग) मध्ये काही पॉइंट गाळतात, पण ते ज्या ग्रिडवरून गाळतात तिची पायरीच एसडब्ल्यू ठरवते. फायदा एवढाच की वेळ वाचतो आणि तो वाचलेला वेळ तुम्ही रुंद विंडोसाठी वापरू शकता.

प्रत्येक विचित्र पीक फोल्डच असतं का?

नाही हो. केंद्रावर आडवी ठिपक्यांची रांग म्हणजे ॲक्सिअल पीक, स्टेट्स-टीपीपीआय मध्ये ती कडेला सरकवलेली असते. मोठ्या मेथिलच्या किंवा सॉल्व्हंटच्या रेषेत वरपासून खालपर्यंत उभा पट्टा म्हणजे टी१ नॉइज. पीकच्या वर-खाली लहान होत जाणाऱ्या लाटा म्हणजे एफआयडी कमी पडले. यातलं काहीच एसडब्ल्यू बदलून आपल्या ठराविक हिशोबानं सरकत नाही.

डेटा आलाय, फोल्ड झालेला आहे, परत पाठवायचं का?

गरज नाही. कोण कुठून आलं ते नक्की झालं असेल तर एसडब्ल्यू मिळवा किंवा वजा करा, खरा आकडा टेबलात लिहा आणि आकृतीच्या खाली "हे पीक फोल्ड झालेलं आहे" असं स्पष्ट लिहा, पीकला तारा करा. परीक्षकाला काही वाटत नाही. न लिहिता तसंच ठेवलं तर मात्र व्हायव्हात पहिला प्रश्न त्यावरच.

स्लिपवर काय लिहून पाठवायचं?

"एचएसक्यूसी, एचएमबीसी" एवढंच लिहून हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला सॅम्पल पाठवायची सवय मोडा. सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा अपेक्षित कार्बन कुठं आहे, अल्डिहाइड, कीटोन, इमाइन आहे का, १० च्या पुढं ओएच किंवा एनएच आहे का, आणि एफ१ ची विंडो किती ते किती हवी, हे दोन ओळीत लिहा. आणि खाली लिहा की पीडीएफ सोबत पूर्ण रॉ डेटाचं फोल्डर द्या.

माझ्याकडं पीडीएफच आहे, एसडब्ल्यू कुठं बघू?

पीडीएफच्या अक्षावर विसंबू नका, प्लॉट करताना विंडो कापून दाखवलेली असू शकते. बाजूला पॅरामीटरची पट्टी छापली असेल तर एफ१ खालचं एसडब्ल्यू बघा. नसेल तर रॉ फोल्डर मागवा. ब्रुकर कंपनीच्या मशीनच्या फोल्डरमध्ये एसीक्यूयू२एस (acqu2s) नावाची साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते. त्यात एसडब्ल्यूची ओळ पीपीएममध्ये असते आणि एफएनमोडच्या (FnMODE) ओळीत एक आकडा: ३ असेल तर टीपीपीआय, ४ स्टेट्स, ५ स्टेट्स-टीपीपीआय, ६ इको-अँटीइको. ३ असेल तर आरशाचा हिशोब, ४ ते ६ असेल तर मिळवणी-वजाबाकीचा. प्रोसेसिंगसाठी ब्रुकरचं टॉपस्पिन सॉफ्टवेअर विद्यापीठ-कॉलेजवाल्यांना फुकट मिळतं, कॉलेजच्या ईमेलवरून रजिस्टर करा.